अण्णांच्या यशस्वी दुपारी

एखाद्या घरी पोटभर जेवून, मनसोक्त हसून, तोंडात पान घालून जिना उतरताना तुम्ही कधी स्वतःला विचारलं आहे का, की आत्ता वरती आपण कोणाला ‘नाही’ म्हणून आलो?

मी विचारलं नव्हतं. तीन वर्षं एका गच्चीवर जेवले, हसले, वाद घातले आणि तृप्त होऊन खाली उतरले. ज्या माणसाने मला तिथे बसवलं, त्याच्याबद्दल हे लिहिते आहे. त्याचं नाव लिहिणार नाही. नाव लिहिलं की वाचणारा सुटतो. तो एक माणूस तसा होता, असं म्हणून पान उलटतो. काशीतले मराठी लोक त्यांना अण्णा म्हणत, आपणही तेवढंच म्हणू.

अण्णांचं घर संकठा घाटाच्या मागच्या गल्लीत होतं. विद्यापीठात शिकायला मी अमरावतीहून तिथे गेले आणि त्यांच्या वरच्या मजल्यावरची एक खोली घेतली. खोलीच्या दारावर सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा लटकत होता. त्यावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘वर पाणी सात ते आठ. नंतर रागावू नये.’ अण्णांनी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बत्तीस वर्षं काढली होती. निवृत्त झाले तरी लेबल लावायची सवय गेली नव्हती. लोणच्याच्या बरणीवर ‘घाईत उघडू नये’, मोरीच्या दारावर ‘कडी आतून फसवी आहे’, छत्रीवर ‘परत येण्याच्या अटीवर’. पत्नी वारून बरीच वर्षं झाली होती, मुलगी इंदूरला होती. घरात ते एकटेच, आणि ही लेबलं.

आणि महिन्यातून दोन रविवारी, माणसं.

अण्णांच्या दुपारी सगळ्या काशीतल्या मराठी घरांत प्रसिद्ध होत्या. तिथे बोलावणं आलं नाही म्हणून आजारी पडलेले लोक मला माहीत आहेत. हिवाळ्यात गच्चीवर सतरंज्या पडत, उन्हाळ्यात खालच्या दगडी ओसरीत. स्वयंपाक ते स्वतः करत. रेल्वेचा जुना काळा कोट अंगात, कमरेला पंचा, आणि समोर दोन सिगड्या. नव्या मटारांचा मसालेभात, अळूची भाजी, दह्यातली भेंडी, बासुंदी. हाताला चव होती, पण लोक चवीसाठी येत नव्हते. त्या घरी गेलं की प्रत्येकाला आपण नेहमीपेक्षा हुशार, मोकळे आणि चांगले आहोत असं वाटे. त्यासाठी येत.

हे आपोआप होत नव्हतं. शनिवारी दुपारी अण्णा रिकाम्या गच्चीवर प्रत्येक पाहुण्याच्या जागी जाऊन बसत. वकीलसाहेबांच्या जागी वकीलसाहेबांसारखं पोट सैल सोडून, बँक मॅनेजरांच्या पत्नी मॅनेजरबाई, त्यांच्या जागी गुडघे एका बाजूला घेऊन. एक वाजता कोणाच्या डोळ्यांवर ऊन येईल, कोणाला कोणाचं तोंड समोर दिसेल, कोणाच्या कानाशी शेजारच्या घरातला रेडिओ लागेल, हे बघत. मग कागदावर फुल्या मारून जागा बदलत. एकदा त्यांना एका शास्त्रीबुवांच्या जागी डोळे मिटून बसलेलं बघून मी विचारलं, काय करताय. म्हणाले, बुवा जेवल्यावर पेंगतात, मान कुठे टेकवतील ते बघतोय.

पाहुणे नऊ. दहावा आला की दोन घोळके पडतात, असं त्यांचं मत होतं. नवरा-बायको शेजारी नाहीत. अबोल माणसाला अकराची वेळ द्यायची, बोलक्याला साडेअकराची. अर्धा तास अबोलांनाच एकमेकांशी बोलावं लागतं, आणि बोलके येईपर्यंत त्यांची भीड चेपलेली असते. आल्याआल्या हातात काहीतरी द्यायचं, कारण रिकाम्या हाताचा माणूस घड्याळ बघतो. म्हणून मटार ते कधीच सोलून ठेवत नसत. मोठं सूप मध्ये ठेवून सगळ्यांना सोलायला बसवत. गच्चीच्या कठड्यापाशी एकाच्या हातात काठी देऊन माकडं हाकायचं काम देत. हे काम नेहमी बँकेच्या मॅनेजरकडे असे आणि तो इतका खूश होई की आठवडाभर बँकेत त्याच्याच गोष्टी सांगे.

मला सगळ्यात नवल वाटे ते मिठाचं. दर वेळी एका पदार्थात ते मीठ मुद्दाम कमी टाकत. कोणीतरी हळूच म्हणे, अण्णा, जरा मीठ. अण्णा कपाळावर हात मारून घेत, सगळे म्हणत, अहो असू द्या, आणि गच्ची एकदम घरगुती होई. मी एकदा त्यांना मीठ टाकताना धरलं. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “पाहुण्याला काहीतरी माफ करायला मिळालं पाहिजे गं. नुसतं उपकार खाऊन माणूस परत येत नाही.”

हे शिकण्यासारखं आहे हे मला तेव्हाही कळत होतं. मला त्या दुपारी आवडत. आज हे कबूल करताना लाज वाटते, तरी करते.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्या वडिलांचा छापखाना होता, पायाने चालवायचा. लग्नपत्रिका कमी आणि पत्रकं जास्त. गिरणी कामगारांची, विहिरी खुल्या करण्याची, फीवाढीविरुद्धची. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, ओल्या शाईच्या पत्रकांचे गठ्ठे होते. मी वाचायला शिकले ती ‘जाहीर निषेध’ या शब्दांवर. त्यामुळे अण्णांनी पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा काय झालं असेल ते सांगायला नको. एका शास्त्रीबुवांनी देवळात कोणी कुठपर्यंत जावं यावर काही म्हटलं, आणि मी अर्धी पोळी हातात धरून वीस मिनिटं बोलले. बुवा लाल झाले. मी खोलीत जाऊन ट्रंक भरायला घेतली, कारण उद्या खोली सोडायला सांगतील याची खात्री होती.

अण्णा खोलीत आले. म्हणाले, पुढच्या रविवारीही ये. बरोबर पाऊण वाजता, आधी नको.

मला वाटलं, इथे एक मोकळा माणूस भेटला. मी घरी पत्र लिहिलं की काशीतही विचार ऐकून घेणारे लोक आहेत. पुढे दर वेळी मला बोलावणं येई, माझी जागा ठरलेली असे, वकीलसाहेबांच्या समोर, पाठ नदीकडे, सगळ्यांना दिसेन अशी. विषय कुठला ना कुठला निघेच. मी तापे. लोक माना डोलावत, कोणी म्हणे, तरुणांनी असंच असावं. मग बासुंदी येई. मी तोंड उघडायच्या आधीच काही जण हसायला लागत, हे मला दिसत होतं. त्याचा अर्थ मी आपुलकी असा लावला.

आता दुलारीकडे येते. तिचं नाव मी लिहिणार आहे, पूर्ण लिहिणार आहे. रामदुलारी. संकठा घाटावर तिच्या वडिलांची नाव होती. यात्रेकरूंना पलीकडे नेऊन आणायचं, हे त्यांच्या घरात कोण जाणे किती पिढ्या चाललेलं. त्या गल्लीत काशीवासाला आलेल्या एक निवृत्त शिक्षिका राहत, कोल्हापूरकडच्या. मरायला म्हणून आल्या आणि सोळा वर्षं जगल्या. त्यांची नजर गेली तेव्हा दुलारी सात वर्षांची होती. तिला त्यांनी मराठी वाचायला शिकवलं, स्वतःच्या सोयीसाठी. मग रोज संध्याकाळी दुलारी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी, पोथ्या वाचून दाखवी, गावाकडून आलेली पत्रं वाचून त्यांची उत्तरं लिही. बाई गेल्या तेव्हा या मल्लाहाच्या मुलीचं मराठी असं होतं की मी अमरावतीची असून तिच्यासमोर जपून बोले.

आणि आमच्या मराठी घरातली मुलं? ती आईला म्हणत, “आई, मुझे और पोळी पाहिजे.” पाहिजे एवढंच राहिलं होतं.

काशीतल्या मराठी लोकांचं एक मंडळ होतं, त्याचा मुलांसाठी रविवारचा मराठी वर्ग होता. तो घेणारे गुरुजी मुलाकडे पुण्याला गेले आणि वर्ग बंद पडला. आठ महिने नुसती शोधाशोध चालली होती. अण्णा मंडळाचे चिटणीस, वकीलसाहेब अध्यक्ष. मी दुलारीला म्हटलं, तू का नाही? ती हसली नाही. तिने आतून वही आणली. हाताने शिवलेली, तीस रविवारांचे तीस पाठ. गुरुजी जाऊन दोन महिने झाल्यापासून ती लिहीत होती, कोणी विचारेल म्हणून वाट बघत. पहिल्या रविवारी घरातल्या वस्तू, दुसऱ्या रविवारी बाजार. चौथा पाठ भांडणाचा होता. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, पोरं भांडतात हिंदीत, म्हणून मराठी जाते. भांडता येत नाही ती भाषा पाहुण्यांपुरतीच राहते.

तिला ते काम हवं होतं आणि ते का हवं होतं हेही स्वच्छ होतं. चुनारला तिचं लग्न ठरत आलं होतं. वडिलांनी तिला सांगितलं होतं की मराठी लोकांनी काम दिलं तर बी. ए. होईपर्यंत थांबतो, चुनारच्या लोकांना तोंड दाखवायला मला लाज वाटणार नाही. नाही दिलं तर वैशाखात उरकून टाकू. तेव्हा पौष चालू होता.

मी त्याच संध्याकाळी अण्णांकडे गेले. त्यांनी सगळं नीट ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, “आधी माणसांना माणूस बघू दे. येत्या रविवारी आण तिला. सगळे येणार आहेत.”

कार्यकारिणीतले पाच जण त्या रविवारी येणार होते. मी धावत घाटावर गेले आणि दुलारीला सांगितलं की रविवारी तुझी मुलाखत आहे. हा शब्द माझा. अण्णांनी तो वापरला नव्हता. मी त्यांना सभेची तारीख विचारली नाही, विषयपत्रिका विचारली नाही. ज्या घरात वडिलांनी सभेचा कागद छापल्याशिवाय चपला घातल्या नाहीत, त्या घरातली मी, जेवणाच्या निमंत्रणाला सभेची नोटीस समजले.

दुलारीने त्या दिवशी सकाळची फेरी बुडवली. आईची निळी साडी नेसली. मला तीनदा विचारलं की वाढतील ते सगळं खायचं की थोडं ठेवायचं, वही हातात ठेवायची की पिशवीत. अण्णांनी तिला अकराची वेळ दिली होती, अबोलांची. तिला घेऊन मीही त्या दिवशी अकरालाच गेले.

ती मटार सोलायला बसली. तिचा हात असा भरभर चाले की सूप तिच्याच बाजूने भरत गेलं आणि सगळे कौतुकाने बघायला लागले. अण्णांनी तिला वकीलसाहेब आणि मॅनेजरबाईंच्या मध्ये बसवलं होतं. अंतर न ठेवता, एकाच सतरंजीवर, सगळ्यांसारखंच ताट. यातलं काहीही खोटं नव्हतं. अण्णा त्या बाबतीत स्वच्छ होते.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा अण्णा म्हणाले, दुलारी, बेटा, काहीतरी बोल की, सगळ्यांना ऐकू दे. ती काय बोलणार? वकीलसाहेबांनी मदत केली. म्हणाले, ‘केळीच्या झाडाला लागला केळ्यांचा लोंगर’ असं म्हण. तिने म्हटलं. स्वच्छ, एकेक ळ जागच्या जागी. गच्चीवर आनंदाची लाट आली. मग प्रत्येकाने एकेक वाक्य दिलं. काठी घेतलेले मॅनेजर डोळे मिटून म्हणाले की शपथेवर सांगतो, ही सदाशिव पेठेतली आहे. मॅनेजरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा तिच्या पाठीशी उभा राहून म्हणाला, “दीदी, वो वाला फिर से बोलिए ना.” आई त्याच्या गालावर चापट मारत म्हणाली, बघ, शीक काहीतरी.

दुलारीने प्रत्येक वाक्य म्हटलं. तिला वाटत होतं ही परीक्षा आहे, आणि ती उत्तीर्ण होत होती.

मग तिने पिशवीतून वही काढली. आवाज अगदी खालचा होता. “मी तीस रविवारांचे पाठ लिहून आणले आहेत. वर्ग मला देणार असाल तर पहिला वाचून दाखवते.”

तीन वर्षांत त्या गच्चीवर खरी शांतता मी तेवढी एकदाच ऐकली. वकीलसाहेबांचा घास हातात राहिला. प्रश्न सरळ होता. होय तर होय, नाही तर नाही. कोणाला तरी तोंड उघडावं लागणार होतं, आणि पाच जण तिथे होते, पाचही एकमेकांकडे बघत. अण्णा बासुंदीच्या पातेल्यावर वाकलेले होते. त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं की माझ्यामागच्या नदीकडे, हे मला आजही सांगता येत नाही.

मी उठले. हो, मीच.

मी म्हटलं, काय शांत बसलात? हिच्या आज्याच्या नावेत बसून तुमच्या आज्यांच्या अस्थी गेल्या. तुमची मुलं आईला धड हाक मारू शकत नाहीत आणि तुम्हाला शिक्षिकेची जात बघायची आहे. मी खूप बोलले, आणि चांगलं बोलले. एकेक वाक्य छापण्यासारखं होतं. आणि मी बोलत असताना मला दिसलं की वकीलसाहेबांचे खांदे सैल झाले, त्यांनी हातातला घास तोंडात घातला, मॅनेजरनी काठी मांडीवर आडवी ठेवली. सगळ्या चेहऱ्यांवर सुटकेचं हसू पसरलं. मी दम घ्यायला थांबले तशी वकीलसाहेब म्हणाले, “आली. मी म्हणतच होतो, आज तोफ अजून कशी धडाडली नाही.”

गच्ची हसली. अण्णांनी बासुंदीच्या वाट्या फिरवायला घेतल्या. कोणीतरी वेलदोडा विचारला. दोन मिनिटांत विषय बासुंदी आटवायला दूध कुठलं चांगलं याच्यावर होता.

दुलारीने वही पिशवीत ठेवली. मॅनेजरबाईंनी बासुंदी संपवून, दुसऱ्या कोणाशी तरी बोलता बोलता, रिकामी वाटी शेजारी तिच्या हातात दिली. बघितलंही नाही कोणाच्या हातात देतोय. तिच्या पलीकडच्यांनीही दिली. दुलारीने वाट्या एकात एक रचल्या.

घाटाच्या पायऱ्यांवर मी तिला गाठलं. मी अजून तापलेलीच होते, त्या लोकांना नावं ठेवत होते. ती माझं संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, “ताई, तुम्ही बोललात म्हणून ते हसले. गप्प राहिला असतात तर त्यांना मला उत्तर द्यावं लागलं असतं.”

एवढंच. ती रडली नाही, भांडली नाही. वडील नाव धुत होते, त्यांना मदत करायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांच्या खोलीत गेले. ते नव्हते. टेबलावर त्यांची नोंदवही उघडी होती, पार्सल ऑफिसातल्यासारखी रकाने आखलेली. पाहुणा, वेळ, जागा, शेरा. मी कालचं पान वाचलं. माझ्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात होतं, ‘चिडणारी. गोडाच्या आधी.’ मागची पानं उलटली. तीन वर्षं तेच. कुठे ‘चिडणारी’, कुठे नुसतं ‘वरीलप्रमाणे’. दुलारीच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘उत्तम. सर्व खूश. पुन्हा बोलवावी.’

अण्णा भाजी घेऊन आले. माझ्या हातात वही बघून त्यांना राग आला नाही. पिशवी खाली ठेवून ते मटारच्या शेंगा निवडायला बसले. मी विचारलं, दुलारीचं काय झालं? म्हणाले, छान झालं की. दुपार इतकी रंगली, बऱ्याच दिवसांत झाली नव्हती. मी म्हटलं, वर्गाचं. ते म्हणाले, कुणी नाही म्हणालं का? मी म्हटलं, कुणी होही म्हणालं नाही. तेव्हा ते माझ्याकडे थकल्यासारखे बघत राहिले.

“हे बघ,” ते म्हणाले, “लोकांना ती मनापासून आवडली. पण आवडणं वेगळं, पोरं हवाली करणं वेगळं. मी सभेत विषय काढला असता तर नाही म्हणावं लागलं असतं. मग वकील तिला बघून तोंड चुकवणार, ती त्यांना बघून. आता ती गल्लीत भेटली तर सगळे हसून बोलतील. काय वाईट केलं?”

मी म्हटलं, तुम्ही तिचा तमाशा केलात. त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. मग म्हणाले की बत्तीस वर्षं काउंटरवर बसलो, रोज माणसं तोंड वाकडं करून यायची, हरवलं म्हणून, फुटलं म्हणून. बायको आजारी होती तेव्हाही मी शिव्या ऐकून घरी यायचो आणि तिला तेच तोंड दाखवायचो. ती गेल्यावर ठरवलं, या घरात कोणाचं तोंड वाईट होऊ द्यायचं नाही. “बस, एवढंच. त्याच्यावर मी काही कमावलं नाही, गुरु,” ते काशीकरांच्या लकबीत म्हणाले.

ते खरं बोलत होते. म्हणूनच मी त्यांना आजही माफ करू शकत नाही. लबाड माणूस असता तर सोपं झालं असतं.

संक्रांतीच्या रविवारचं बोलावणं दुलारीला गेलं. ती आली नाही. मलाही होतं, पाऊण वाजता. मी खोली सोडली. जाताना अण्णांनी माझ्या ट्रंकेला लेबल बांधलं, ‘नाजूक’. मी ते स्टेशनवर तोडून टाकलं. वैशाखात दुलारी चुनारला गेली. वर्गाला दुसरा कोणी मिळाला नाही. मंडळाच्या कागदांत तो वर्ग ‘तात्पुरता स्थगित’ आहे, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून आहे.

या गोष्टीला सात वर्षं झाली. मागच्या थंडीत अण्णा गेले. शोकसभेत वकीलसाहेबांनी त्यांच्या आतिथ्यावर भाषण केलं आणि सगळे रडले, असं मला कळलं. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी स्नेहभोजन घालायचं ठरलं आहे. ठराव एकमताने झाला. तिथे ठराव होऊ शकतात, हे मला त्यानिमित्ताने समजलं.

दुलारीही परतली आहे. वडिलांचे हात आता वल्हं धरत नाहीत, म्हणून तिचा नवरा सासऱ्याची नाव चालवायला संकठा घाटावर आला. त्यांना एक मुलगी आहे. मी दोन महिन्यांपूर्वी काशीला गेले होते तेव्हा ती मुलगी पायऱ्यांवर एका पोराशी पतंगावरून भांडत होती, मराठीत, आणि त्या बिचाऱ्याला काहीच कळत नव्हतं. तीस पाठांची वही दुलारीकडे आहे. चाळीस झाले आहेत आता.

या खेपेला मी तिच्यासाठी एक शब्दही बोलले नाही. आम्ही दोघींनी मिळून अर्ज लिहिला, तिने सही केली, मंडळाच्या कचेरीत दिला आणि पोच घेतली. अर्जात तिला काय येतं, ती काय शिकवेल आणि वर्ग कधी भरवता येईल एवढंच आहे. उत्तर अजून आलेलं नाही. तिला मात्र स्नेहभोजनाचं निमंत्रण आलं आहे.

तेव्हा वाचकहो, एक करा. मंडळाचा पत्ता या अंकाच्या संपादकांकडे आहे, तो मागून घ्या. एक पोस्टकार्ड घाला. त्यावर लिहा, ‘रामदुलारी यांच्या अर्जाचा निर्णय काय झाला, होय किंवा नाही, ते कळवावे,’ आणि खाली तुमची सही. त्यात माझी वाक्यं घालू नका, निषेध लिहू नका, कोणाला लाजवू नका. ते लोक हसून घेतील. नुसतं विचारा. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी तेच वाक्य पुन्हा लिहा.